एन्रॉन, निवडणूक रोखे आणि आपली पावती

(मंडळाच्या वाचनालयात सभासद व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ता नाही. बँकेच्या काउंटरवर बसून लोकांच्या नोटा मोजणे हे माझे काम, आणि बी. ए. ला राज्यशास्त्र होते एवढीच काय ती शिदोरी. अभ्यासिकेतील मुलांनी विषय दिला, ‘अमेरिकेच्या राजकारणात पैशाचा प्रभाव’. मी म्हटले, पोरांनो, सावलीत बसून अमेरिकेची उठाठेव कशाला? त्यावर बारावीतला एक मुलगा म्हणाला, "काका, आपल्याकडे पाचशेची नोट चालते असे सगळे म्हणतात. तिकडे काय चालते ते तरी कळू द्या." त्याच्या या बोलण्यामुळेच मी आज उभा आहे.

निवडणूक आली की आपल्या वस्त्यांकडे बोट दाखवून बोलणारे पुष्कळ भेटतात. ‘हे लोक मत विकतात’, असे ते म्हणतात. रोवणीच्या मजुरीवर घर चालवणाऱ्या बाईने एक नोट घेतली तर ती लाच होते, आणि ती वाईटच आहे, मी तिचे समर्थन करीत नाही. परंतु एखादी कंपनी कोट्यवधी रुपये पक्षाला देते तेव्हा त्याला देणगी म्हणतात. आणि कायदा होण्यापूर्वी मंत्र्यांना भेटून त्याचा मसुदा आपल्या सोयीचा करून घेते, त्याला अमेरिकेत लॉबिंग म्हणतात. लॉबी म्हणजे सभागृहाबाहेरची मोकळी जागा. तिथे प्रतिनिधींना गाठून आपले म्हणणे गळी उतरवायचे, त्यावरून हा शब्द आला.

अमेरिकेत हा व्यवसाय कायदेशीर आहे. सरकारकडे गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क त्यांच्या घटनेनेच नागरिकांना दिला आहे. १९९५ च्या कायद्याप्रमाणे लॉबिंग करणाऱ्याने नाव नोंदवावे लागते, कोणासाठी आणि किती पैसे घेऊन काम केले ते लिहून द्यावे लागते. या कामावर तिथे वर्षाला ४०० कोटी डॉलरहून अधिक खर्च होतो. त्यात शेतकऱ्यांच्या आणि कामगारांच्या संघटनाही आहेत, पण औषध कंपन्या आणि मोठे उद्योग यांच्यापुढे त्यांचा आवाज किती पोचणार? पुढे २१ जानेवारी २०१० रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘सिटिझन्स युनायटेड’ खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की, उमेदवाराच्या हाती पैसे न देता स्वतंत्रपणे प्रचारावर खर्च करणाऱ्या कंपन्यांना मर्यादा घालता येणार नाही, कारण तो त्यांच्या भाषणस्वातंत्र्याचा भाग आहे. पैसा खर्च करणे म्हणजे बोलणे, असा त्याचा अर्थ. मग ज्याच्याजवळ पैसा नाही तो मुका, असे म्हणावे लागेल. २०२४ च्या निवडणुकीत इलॉन मस्क या एका उद्योगपतीने ट्रम्प यांच्या बाजूने २५ कोटी डॉलरहून अधिक, म्हणजे आपले दोन हजार कोटी रुपयांहून जास्त खर्च केले. जानेवारी २०२५ मध्ये सरकारी खात्यांची काटछाट करण्याची मोहीम त्यांच्याच हाती दिली गेली. मे अखेरीस ते बाहेर पडले, ती गोष्ट वेगळी.

हे सारे तिकडचे झाले. पण तिकडचा पैसा आपल्या विजेच्या बिलापर्यंत कसा येतो, हे एन्रॉनच्या प्रकरणात महाराष्ट्राने पाहिले आहे. इथे बसलेल्या ज्येष्ठांना ते नाव आठवत असेल. मुलांसाठी थोडे विस्ताराने सांगतो.

एन्रॉन ही टेक्सास राज्यातील ह्यूस्टनची कंपनी. २० जून १९९२ रोजी तिने महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशी प्राथमिक करार केला. कंपनीची माणसे येऊन काही दिवसच झाले होते. रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरजवळ दाभोळचा वीज प्रकल्प उभारायचा, आणि वीज मंडळाने ती वीज विकत घ्यायची. पुढच्या वर्षी जागतिक बँकेने प्रकल्पाला कर्ज द्यायचे नाकारले. एवढी महाग वीज एवढ्या मोठ्या प्रमाणावर घेणे मंडळाला परवडणार नाही, असे तिचे म्हणणे होते. जी बँक खाजगीकरणाचा आग्रह धरते तिनेच नाही म्हटले, तरी ८ डिसेंबर १९९३ रोजी वीज खरेदीचा करार झाला. स्पर्धात्मक निविदा नव्हत्या. दर डॉलरशी बांधलेला होता. आणि मंडळाने वीज उचलली नाही तरी ठरलेली मोठी रक्कम द्यायचीच होती. आम्ही बँकवाले कर्ज देताना कर्जदाराच्या गळ्यात अटी बांधतो, परंतु अशी अट मी कुठल्या कर्जदाराला घालू शकलो नसतो!

१९९५ च्या सुरुवातीला एन्रॉनच्या एका महिला अधिकाऱ्याने अमेरिकन संसदेच्या समितीपुढे सांगितले की, या प्रकल्पासाठी कंपनीने भारतीयांचे ‘शिक्षण’ आणि प्रकल्पाची तयारी यांवर दोन कोटी डॉलर खर्च केले. त्या वेळच्या हिशेबाने ६० कोटी रुपयांहून अधिक. हा शब्द वाचून मला हसावे की रडावे कळेना. आपल्या तालुक्यात आश्रमशाळेच्या एका खोलीसाठी किती खेटे घालावे लागतात! एन्रॉनने सांगितले की तो पैसा वकील, तज्ज्ञ, अभ्यास यांवर गेला. लाच दिल्याचे कोर्टात कधी सिद्ध झाले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण एखाद्या सरकारचे मन वळवण्याला ‘शिक्षण’ म्हणणारी कंपनी, हा माणूस मला शिकवतो आहे की विकत घेतो आहे, हे आपल्याला ओळखू देत नाही.

मार्च १९९५ मध्ये राज्यात सत्ता बदलली. एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू, असे प्रचारात सांगणारे पक्ष निवडून आले. गोपीनाथ मुंडे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि ३ ऑगस्ट १९९५ रोजी प्रकल्प रद्द केल्याची घोषणा झाली. अमेरिकन ऊर्जा खात्याने त्याआधीच, जूनमध्ये, असे केल्यास भारतातील इतर खाजगी वीज प्रकल्पांचीही वाट लागेल, असा इशारा दिला होता. नोव्हेंबरमध्ये कंपनीच्या रिबेका मार्क बाळासाहेब ठाकरे यांना येऊन भेटल्या, नवी समिती बसली, आणि जानेवारी १९९६ मध्ये त्याच सरकारने प्रकल्प पुन्हा मान्य केला, आधीच्यापेक्षा मोठा करून. मे १९९६ मध्ये दिल्लीत तेरा दिवसांचे वाजपेयी सरकार आले. बहुमत सिद्ध होत नाही हे दिसत असतानाही त्या सरकारने शेवटच्या घटकेला एन्रॉनच्या प्रतिहमीला मंजुरी दिली. करार करणारे काँग्रेसचे, रद्द करून परत करणारे शिवसेना-भाजपचे. कोणत्या पक्षाला मत दिले असते तर एन्रॉन आला नसता, हे मला आजही सांगता येत नाही.

नाही म्हणणारे होते, तेही विसरू नका. वेलदूरचे कोळी, अंजनवेल, रानवीचे लोक वर्षानुवर्षे मोर्चे काढीत राहिले. जून १९९७ मध्ये पोलिसांनी पहाटे वेलदूरच्या घरांत शिरून बायकांना मारहाण केली. १९९९ मध्ये अमेरिकेतीलच ह्यूमन राइट्स वॉच या संघटनेने त्यावर अख्खा अहवाल काढला.

मे १९९९ मध्ये वीज सुरू झाली. त्यात दर किती? काही महिन्यांत युनिटला सात रुपयांच्याही वर! आपल्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता त्या काळी २३४० मेगावॅट होती. कोळसा आपला, राख आपल्या फुप्फुसात, आणि वीज कितीतरी स्वस्त. एन्रॉनची महाग वीज घ्यायची म्हणून मंडळाला स्वतःची स्वस्त वीज कमी करावी लागली. २००१ मध्ये मंडळाने खरेदी थांबवली आणि मे महिन्यात प्रकल्प बंद पडला. जूनमध्ये अमेरिकेचे उपाध्यक्ष डिक चेनी यांनी वॉशिंग्टनला गेलेल्या सोनिया गांधींजवळ या थकबाकीचा विषय काढला. विरोधी पक्षनेत्याशी बोलताना एका कंपनीच्या बिलाची आठवण! या प्रकल्पात आयडीबीआय, आयसीआयसीआय, स्टेट बँक यांचेही हजारो कोटी अडकले होते. ते ठेवीदारांचे पैसे, म्हणजे माझ्या काउंटरवर पासबुक घेऊन येणाऱ्या माणसासारख्यांचेच.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते, वीजही त्यांच्याकडे होती. १९४३ मध्येच त्यांनी मांडले होते की वीज स्वस्त आणि मुबलक असली पाहिजे, तरच उद्योग येतील आणि गरिबी हटेल. कुठे तो विचार आणि कुठे हा करार.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. एन्रॉनला आपल्या देशात एवढे बळ कुठून होते? २ डिसेंबर २००१ रोजी कंपनीचे दिवाळे निघाले, खोटे हिशेब बाहेर आले, आणि अमेरिकन वर्तमानपत्रांनी देणग्यांची यादी काढली. तेव्हाच्या १०० सिनेटरांपैकी ७१ जणांनी १९८९ पासून कधी ना कधी एन्रॉनचा पैसा घेतलेला होता. वायदेबाजारावर देखरेख करणाऱ्या आयोगाच्या अध्यक्षा वेंडी ग्रॅम यांनी जानेवारी १९९३ मध्ये ऊर्जेच्या काही व्यवहारांना नियमांतून सूट दिली, आणि पाच आठवड्यांनी त्या एन्रॉनच्या संचालक मंडळावर गेल्या. भारतातील अमेरिकन राजदूत फ्रँक विस्नर हेही निवृत्तीनंतर १९९७ मध्ये एन्रॉनच्या एका उपकंपनीचे संचालक झाले. यातले काहीच लपून झाले नव्हते. नोंदी होत्या, वाचणारे नव्हते.

आपल्याकडे तर नोंदच मिटवली गेली. २०१७ च्या वित्त कायद्याने निवडणूक रोख्यांचा मार्ग खुला केला आणि जानेवारी २०१८ मध्ये योजना सुरू झाली. कंपनीने स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेतून एक हजारापासून एक कोटीपर्यंतचा रोखा घ्यायचा, पंधरा दिवसांत पक्षाने तो वटवायचा, आणि कोणी कोणाला दिला हे मतदाराला कळायचे नाही. पूर्वी कंपनीला तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी देता येई, ती मर्यादाही काढली. मित्रहो, माझ्या काउंटरवर बचत गटाची बाई खाते उघडायला येते तेव्हा मी तिला आधार मागतो, पॅन मागतो, फोटो मागतो, सही जुळली नाही तर परत पाठवतो. हा नियम मी रोज पाळतो. आणि कोट्यवधींचा रोखा घेणाऱ्याचे नाव बँकेला माहीत, पण त्या बाईला नाही!

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने ही योजना घटनाबाह्य ठरवली. बँकेने ३० जूनपर्यंत मुदत मागितली, न्यायालयाने ती नाकारली, आणि मार्चमध्ये याद्या बाहेर आल्या. एप्रिल २०१९ पासूनच्या या याद्यांत सर्वांत मोठी खरेदीदार एक लॉटरीची कंपनी, १३६८ कोटींची, आणि तिच्यावर ईडीची चौकशी चालू होती. भाजपला सर्वांत जास्त, सहा हजार कोटींच्या वर, म्हणजे एकूण रकमेच्या जवळपास निम्मे. तृणमूल, काँग्रेस, भारत राष्ट्र समिती यांनीही हजार कोटींहून अधिक घेतले. मार्क्सवादी पक्षाने रोखे घेतले नाहीत आणि न्यायालयातही तो गेला होता. तारखा शेजारी ठेवल्या म्हणजे गुन्हा सिद्ध होत नाही हे खरे. विशेष चौकशी पथकाची मागणी न्यायालयाने २ ऑगस्ट २०२४ रोजी नाकारली. पण तारखा शेजारी ठेवण्याचा हक्क तरी आपल्याला मिळाला.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात सांगितले होते की राजकारणात आपण समान होणार आणि जीवनात असमान राहणार. हे आपण दरवर्षी वाचतो. मी आज ते आपल्या मंडळाच्या वहीवरून समजावून सांगणार आहे, आणि काहींना ते आवडणार नाही.

बँकेत आहे म्हणून कोषाध्यक्षपद माझ्या गळ्यात आले. काही वर्षांपूर्वी, निवडणुकीच्या तोंडावर, एका कंत्राटदाराने या वाचनालयाला एक्कावन्न हजार रुपये दिले. तुम्ही आज ज्या खुर्च्यांवर बसला आहात त्या त्याच पैशाच्या. टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या. पावतीवर सही माझी आहे. पुढच्या पावसाळ्यात त्यानेच केलेला रस्ता वाहून गेला. शाळेची मुले सायकलवरून पडू लागली. वस्तीतल्या बायकांनी अर्ज लिहून आणला, मंडळाच्या शिक्क्यासाठी. आमची बैठक बसली. कोणी नाही म्हटले नाही. फक्त ‘पुढच्या बैठकीत बघू’ असे ठरले, आणि पुढच्या बैठकीत तो विषय निघाला नाही. त्या माणसाने आम्हाला फोन केला नव्हता. कधी एक शब्दही विचारला नव्हता. एक्कावन्न हजारांत त्याने आमचे मत घेतले नाही, आमची जीभ घेतली. ७१ सिनेटर काय करीत असतील, हे कळायला मला ह्यूस्टनला जावे लागले नाही.

मागच्या आठवड्यात मी त्या रस्त्याने गेलो. खड्डे तसेच आहेत, मुरूम टाकून बुजवले तेवढेच. तो अर्ज माझ्या फाइलमध्ये होता, आज येताना बरोबर आणला आहे. कागद पिवळा पडला आहे, पण बायकांचे अंगठे आणि सह्या स्पष्ट दिसतात. सोबत मंडळाची देणगीवही आहे. दोन्ही दाराजवळच्या टेबलावर ठेवतो आहे. वही कोणीही उघडून पाहावी. अर्जावर खाली जागा शिल्लक आहे, आणि कोषाध्यक्ष म्हणून माझी सही मी सकाळीच केली आहे.