म्हणणे, सांगणे, बोलून दाखवणे



मराठीच्या भवितव्यावर आपण नेहमीच मोठ्या आवाक्याने बोलतो. आज मला एकाच गोष्टीकडे तुम्हा मराठीच्या अध्यापकांचं लक्ष वेधायचं आहे. माणसाच्या बोलण्याला आपण कोणतं क्रियापद लावतो, ही ती गोष्ट.

या बाबतीत आपली भाषा श्रीमंत आहे. पुटपुटणं ओठांतल्या ओठांत होतं, कुजबुजायला दुसऱ्याचा कान लागतो, चाचरण्यात भीती किंवा संकोच असतो, बरळण्यात शुद्ध हरपलेली असते. दटावतात ते वडीलधारे आणि विनवतो तो ज्याच्या हाती काही नाही. विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययंसुद्धा नातं सांगतात. आपण मित्राशी बोलतो, मुलाला सांगतो, हाताखालच्या माणसावर खेकसतो आणि मनातली गोष्ट कुणाजवळ तरी बोलून दाखवतो. ‘सुनेशी बोलली’ आणि ‘सुनेला बोलली’ यांत प्रत्ययाचाच फरक आहे, पण पहिल्या वाक्यात संवाद आहे, दुसऱ्यात बोलणी खाणं आहे. मुंबईत आणि इतरत्रही आज ‘मी त्याला बोललो’ हे ‘मी त्याला म्हटलं’ या अर्थाने सर्रास ऐकू येतं. असं बोलणाऱ्या मुलांना हिणवू नका. दोन्ही अर्थ त्यांच्यापुढे ठेवा, म्हणजे जुनी छटाही त्यांच्या हाती राहील.

विचार शब्दांत कसा उतरतो, हे आपली संयुक्त क्रियापदं फार नेमकं टिपतात. जे मनात तयार होतं ते माणूस बोलून दाखवतो. जे डाचत होतं ते बोलून टाकतो. भान सुटलं की बोलून जातो, आणि ज्याचा पुढे पश्चात्ताप होतो ते बोलून बसतो. उद्याची काळजी असणारा आजच सांगून ठेवतो. मूळ धातू तोच, पण मन आणि शब्द यांच्यातलं अंतर दर वेळी वेगळं. मोरो केशव दामले यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली प्रसिद्ध झालं. क्रियापदाकडे इतक्या बारकाईने पाहण्याची शिस्त त्यांनी आपल्याला दिली. ‘तो बोलला’, पण ‘त्याने सांगितलं’, असं का? आणि ‘तो म्हणाला’ व ‘त्याने म्हटलं’ हे दोन्ही कसं चालतं? असे प्रश्न वर्गात विचारले, तर व्याकरणाचा तास जिवंत होतो.

‘म्हणे’ या दोन अक्षरांपाशी मात्र थांबायला हवं. ‘धरणाचं पाणी सोडणार आहेत म्हणे,’ असं आपण बोलतो तेव्हा ती बातमी आपली नसते. ऐकीव आहे, खरीखोटी आपल्याला ठाऊक नाही, हे आपण त्या एका शब्दाने कळवतो. तेच ‘म्हणे’ अभंगाच्या शेवटी नावासह येतं. नामा म्हणे, चोखा म्हणे, तुका म्हणे. तिथे कवी आपल्या शब्दांमागे उभा राहतो. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली नाही, त्या चोखोबांनी आपलं म्हणणं आपल्या नावानिशी मांडलं. नाव जोडलं की बोलण्याला धनी मिळतो आणि नाव गळलं की त्याची वदंता होते. मराठीने हे दोन्ही एकाच रूपात सांभाळलं आहे.

म्हणूनच दुसऱ्याचं बोलणं आपल्या वाक्यात आणताना जपायला हवं. ‘आपण तिथे होतो,’ असं एखादा माणूस म्हणतो. बातमीत ‘त्याने कबूल केलं’ असं छापलं की तो दोषी ठरतो. ‘दावा केला’ लिहिलं की संशयित होतो आणि ‘स्पष्ट केलं’ लिहिलं की त्याची बाजू खरी वाटू लागते. शब्द त्याचे असतात, निवाडा आपला असतो. आणि हा निवाडा आपण सर्वांना सारख्या मापाने देत नाही. पुरुष मत मांडतो, बाई कुरकुरते. साहेब समज देतात, कामगार हुज्जत घालतो. सभेतला पुढारी गरजतो, मोर्चातला शेतकरी ओरडतो. एखादीचं गाऱ्हाणं ‘रडगाणं’ म्हणून नोंदलं गेलं, की ते ऐकण्याआधीच निकालात निघालेलं असतं. याची मला मनापासून चीड आहे, आणि ती तुम्हालाही यावी असं वाटतं.

म्हणून तीन आग्रह धरतो. पहिला अध्यापकांसाठी: एकच वाक्य पाच क्रियापदांनी लिहवून घ्या आणि मुलांना विचारा, लिहिणारा कुणाच्या बाजूचा आहे? दुसरा कोशकारांसाठी: बोलण्याच्या प्रत्येक क्रियापदापुढे कोणाला, कोणाशी, कोणावर हे नोंदवा, कोण कोणाविषयी ते वापरतो हेही लिहा. तिसरा पत्रकारांसाठी: ‘म्हणाले’ या साध्या शब्दाला कंटाळू नका. शैलीसाठी ‘कडाडले’ आणि ‘बरसले’ लिहिण्याआधी तो माणूस खरोखर कसा बोलला, हे आठवा.

दुसऱ्याचं म्हणणं त्याला न्याय देऊन सांगता येणं, ही लोकशाहीची पहिली इयत्ता आहे, आणि ती मराठीच्या तासाला शिकवता येते. हे काम आपल्या हातात आहे. ते या वर्षीच, आपापल्या वर्गात सुरू करू या.