पोलिसांचे निवेदन आणि माहितीपटाची साक्ष

अमेरिकेतील वर्णभेद आणि पोलिसी सत्ता यांवरील माहितीपटांचा विचार करताना, घटनेच्या वेळी कॅमेरा तेथे होता की नव्हता, एवढ्याच प्रश्नापाशी थांबून चालत नाही. तो कोणाच्या हाती होता आणि कोणत्या क्षणी सुरू झाला, हेही तपासावे लागते.

हॉवर्ड आल्क यांनी दिग्दर्शित केलेला 'द मर्डर ऑफ फ्रेड हॅम्प्टन' (1971) या दृष्टीने मूलगामी ठरतो. ज्या ब्लॅक पँथर पार्टीच्या नावावरून 1972 मध्ये मुंबईत दलित पँथरने आपले नाव घेतले, त्या पक्षाच्या इलिनॉय शाखेचे तरुण अध्यक्ष फ्रेड हॅम्प्टन यांच्यावर शिकागोत चित्रीकरण चालू असतानाच, 4 डिसेंबर 1969 च्या पहाटे पोलिसांनी त्यांच्या घरावर छापा घातला आणि त्यात एकवीस वर्षांचे हॅम्प्टन व त्यांचे सहकारी मार्क क्लार्क मारले गेले. छापा घालणारे पोलीस स्टेट्स अॅटर्नी, म्हणजे परगण्याचा निवडून आलेला मुख्य सरकारी वकील, एडवर्ड हॅनरहान यांच्या कार्यालयाकडे नेमलेले होते, आणि घरातून गोळीबार झाल्यामुळे चकमक उडाली, असे त्या कार्यालयाचे म्हणणे होते. मात्र पोलिसांनी ते घर मोहोरबंद केले नाही. त्यामुळे चित्रपटकारांना आत जाऊन भिंती, दारे आणि रक्ताने भिजलेली गादी चित्रित करता आली, आणि शेजारपाजारच्या लोकांनीही रांगा लावून ते घर पाहिले. पँथरांच्या गोळ्यांची छिद्रे म्हणून वृत्तपत्रात छापून आलेल्या खुणा प्रत्यक्षात खिळ्यांची डोकी निघाली. पोलिसांनी दूरचित्रवाणीसाठी छाप्याचे जे नाट्यरूप सादर केले, त्याच्यासमोर चित्रपट त्या घराच्या भिंतीच उभ्या करतो. निवेदकाने आरोप करण्यापेक्षा ही मांडणी कितीतरी प्रभावी आहे. पुढे संघराज्याच्या ग्रँड ज्युरीने, म्हणजे खटला भरण्याइतका पुरावा आहे का हे पाहणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, 80 हून अधिक गोळ्यांपैकी केवळ एकच पँथरांकडून सुटल्याचा निष्कर्ष काढला. घराचा आराखडा एफबीआयच्या खबऱ्याने पुरवला होता, हेही कालांतराने उघड झाले. तरीही या मृत्यूंबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही. 1982 मध्ये 18 लाख 50 हजार डॉलरच्या भरपाईवर दिवाणी दावा मिटला.

येथे कॅमेरा उशिरा पोहोचूनही खरे बोलला. केन बर्न्स, सारा बर्न्स आणि डेव्हिड मॅकमहॉन यांचा 'द सेंट्रल पार्क फाइव्ह' (2012) याची उलट बाजू दाखवतो. 1989 मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एका स्त्रीवर झालेल्या अत्याचाराबद्दल पकडलेल्या पाच कृष्णवर्णीय व लॅटिनो मुलांपैकी चौघांचे कबुलीजबाब चित्रफितीवर होते. परंतु त्याआधीची कित्येक तासांची पोलीस चौकशी, जिच्यात भीती, थकवा आणि सुटकेची आशा यांनी ती वाक्ये घडवली, कोणीही चित्रित केली नव्हती, आणि ज्युरीने जे पाहिले तेच सत्य मानले. खऱ्या गुन्हेगाराची कबुली आणि त्याच्याशी जुळलेला डीएनए पुरावा यांमुळे 2002 मध्ये पाचही जणांना झालेल्या शिक्षा रद्द झाल्या. पाचही जणांनी भरपाईचा दावा लावल्यावर न्यूयॉर्क शहराने चित्रपटकारांकडे चित्रपटात न वापरलेली चित्रफीत समन्स काढून मागितली. पत्रकाराला असलेले संरक्षण मान्य करून न्यायालयाने 2013 मध्ये ती मागणी फेटाळली, आणि पुढच्याच वर्षी शहराने 4 कोटी 10 लाख डॉलर देऊन दावा मिटवला.