'पाहणे' एक, क्रियापदे तीन

मराठीतले 'पाहणे' इंग्रजीत तीन वाटांनी जाते: सी, लुक आणि वॉच. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीतच इंग्रजी सुरू होते, तरी या तिघांची गल्लत मोठेपणीही होते.

'सी' म्हणजे दिसणे. नागपूरच्या सीताबर्डीतून जाताना टेकडी आपोआप नजरेस पडते, तिथे 'सी'. 'लुक'मध्ये हेतू असतो. झिरो माइलचा दगडी खांब न्याहाळायला मान मुद्दाम वळवावी लागते. म्हणून खांबाच्या आधी 'लुक ॲट' येते. हलत्या, बदलत्या गोष्टीवर नजर खिळवून ठेवणे म्हणजे 'वॉच'. जामठ्याच्या मैदानावरचा क्रिकेट सामना 'वॉच' केला जातो. चित्रपटाला मात्र 'सी' आणि 'वॉच' दोन्ही चालतात.

काही जोड्यांत मराठीच मदतीला येते. 'से' म्हणजे म्हणणे, 'टेल' म्हणजे सांगणे. 'टेल'ला ऐकणारा लगेच जोडता येतो, म्हणून 'टेल मी' बरोबर. 'से'ला मधे 'टू' लागते. 'स्टील' आणि 'रॉब' यांत चोरणे आणि लुटणे एवढाच फरक आहे: पाकीट चोरले जाते, प्रवासी लुटला जातो.

'बॉरो' आणि 'लेंड' अधिक फसवतात, कारण मराठीत 'उसने' हा शब्द दोन्हीकडे सारखाच राहतो. उसने घेणे ते 'बॉरो', उसने देणे ते 'लेंड'.

नुसता अर्थ पाठ करून हे भेद पक्के होत नाहीत. प्रत्येक क्रियापद त्याच्या कर्मासह, छोट्या वाक्यात लिहून ठेवावे.