परसबागेतील गोकर्ण : आधी मूळ, मग फूल

(राळेगाव येथे शेतकऱ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय कपाशीचा नाही, तुरीचाही नाही. घरामागे जी चार हात जागा रिकामी असते, तिच्याविषयी मी बोलणार आहे. शहरातल्या रोपवाटिकांत स्वीट पी नावाच्या फुलवेलाच्या बियांची पाकिटे मिळतात. त्याचा एक बहुवर्षायू भाऊबंदही आहे. पण तो थंड मुलखाचा. तिकडे तो हिवाळ्यात सुकतो आणि थंडी सरली की बुडातून पुन्हा फुटतो. आपल्याकडे पारा ४५ अंशांकडे झुकला की त्याचा निभाव लागत नाही. शिवाय तो लाखोळीच्या कुळातला आहे. शेंगा वाटाण्यासारख्या दिसल्या तरी त्याच्या बिया खाण्याच्या नाहीत. घरात लहान मुले असल्यास हे ध्यानात ठेवावे.

एकदा लावून वर्षानुवर्षे फुले देणारा शेंगवर्गीय वेल हवा असेल, तर आपला गोकर्ण लावावा. निळा, पांढरा, एकेरी, दुहेरी असे त्याचे प्रकार आहेत. त्याचे मूळ काळ्या भारी जमिनीत खोल जाते आणि मुळांवरच्या गाठी हवेतील नत्र धरून ठेवतात. फूल देवाला चालते, पाला शेळ्या आवडीने खातात.

तरीही पुष्कळ घरी एकच तक्रार ऐकू येते : "वेल पावसाळ्यात फुलला आणि उन्हाळ्यात वाळला." याचे कारण वेलात नसते, त्याच्या मुळात असते. पहिल्या वर्षी मूळ वाढवा, फुले पुढे आपोआप येतील.

खड्डा आणि जागा

निदान अर्धा दिवस ऊन येणारी जागा निवडावी. मे महिन्यात दीड फूट लांब, रुंद व खोल खड्डा करून तापू द्यावा. नंतर खणलेली माती, चांगले कुजलेले शेणखत दोन घमेली आणि माती चिकण असल्यास एक घमेले रेती किंवा बारीक मुरूम मिसळून तो भरावा. भरलेली जागा भोवतालच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवावी. काळी जमीन पावसात पाणी धरून ठेवते आणि कोवळे रोप बुडाशी सडते. युरिया देऊ नये. त्याने पाला माजतो आणि मुळांवर गाठी कमी धरतात.

बियाणे

गोकर्णाच्या बियांचे कवच टणक असते. डोळ्याच्या विरुद्ध बाजूने बी खडबडीत दगडावर हलके घासावे आणि रात्रभर पाण्यात ठेवावे. फुगलेले बी पेरावे, न फुगलेले पुन्हा घासून भिजवावे. चवळी गटाचे रायझोबियम मिळाल्यास पेरण्यापूर्वी बियांना चोळावे. मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर एका जागी तीन-चार बिया पाऊण इंच खोल टोकाव्यात आणि रोपे वर आल्यावर जोमदार दोनच ठेवावीत. बी शक्यतो जागेवरच लावावे. सरळ खाली जाणारे मूळ उपटून लावलेले सोसत नाही.

आधार

तुराट्या, बांबू किंवा तार यांचा आधार द्यावा. पऱ्हाटीचा मांडव करू नये. तिच्यावर राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडते आणि पुढल्या हंगामात आपल्याच कपाशीवर येते. वेल हातभर झाल्यावर शेंडा खुडावा, म्हणजे बुडातून फुटवे येतात. पहिल्या वर्षी फुले तोडत राहावीत. शेंगा पोसण्यात वेलाची ताकद खर्ची पडू देऊ नये. बियाण्यासाठी दोन-चार शेंगा ठेवल्या तरी पुरे.

पहिला उन्हाळा

खरी परीक्षा मार्च ते जून या काळात होते. बुडाभोवती सोयाबीनच्या कुटाराचा किंवा पालापाचोळ्याचा चार बोटे जाड थर द्यावा. रोज तांब्याभर पाणी ओतण्यापेक्षा चार-पाच दिवसांनी एक बादली सावकाश मुरवावी, म्हणजे मूळ पाण्यामागे खाली जाते. भाजी-तांदूळ धुतलेले पाणी चालते, साबणाचे नको. पाने गळाली तरी वेल मेला असे समजून उपटू नये. शेळ्यांपासून राखण्यासाठी बाभळीच्या काट्या लावाव्यात. दुसऱ्या वर्षापासून पावसाच्या तोंडावर वेल जमिनीपासून फूटभर ठेवून छाटावा आणि एक घमेले शेणखत द्यावे.

फवारणीपासून दूर

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. २०१७ च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना सुमारे वीस शेतकरी-शेतमजुरांचा विषबाधेने जीव गेला. ते दुःख आपण विसरलेलो नाही. कपाशीचे उरलेले औषध परसबागेतल्या वेलावर मारू नये, पंप तेथे धुऊ नये. हल्ली या निळ्या फुलांचा काढाही केला जातो, हे लक्षात घ्यावे. मावा दिसला तर पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. जास्त असल्यास पाच टक्के निंबोळी अर्क द्यावा आणि त्या वेळची फुले वापरू नयेत. गोकर्णाच्या बिया व मुळे जुलाब करणारी आहेत, म्हणून ती मुलांच्या हाती देऊ नयेत.

ऑस्ट्रेलियात गोकर्णाच्या अर्कापासून कपाशीसाठी कीडनाशक तयार झाले आहे. त्यामागे प्रयोगशाळेतली तपासणी आणि ठरलेली मात्रा आहे. घरी पाला ठेचून काढलेल्या रसावर विसंबून कपाशी सोडून देऊ नये.

एका वेलाचे बी साऱ्या गल्लीला पुरते. शेंगा तपकिरी होताच, तडकण्यापूर्वी तोडाव्यात, सावलीत वाळवून बी डब्यात ठेवावे आणि येत्या मृगाला शेजाऱ्यालाही द्यावे. बी देताना पहिल्या उन्हाळ्याची गोष्ट सांगायला मात्र विसरू नये.