मरुभूमींत स्वावलंबी संसार

आज ज्या प्रश्नाविषयीं मी बोलणार आहें, तो मला पुस्तकांत भेटलेला नाहीं. तो माझ्या घरांतच उभा राहिला. २०२० सालच्या टाळेबंदींत माझा पुतण्या पुण्यास दोन खोल्यांत अडकून पडला होता. दूध, भाजी, औषध, प्रत्येक वस्तूसाठीं दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहण्याचे ते दिवस त्याच्या मनांत खोल रुतले. पुढें त्यानें असा निश्चय केला कीं, आपल्या वांट्याची वडिलार्जित जमीन विकावी, राजस्थानच्या मरुभूमींत स्वस्त मिळणारा मोठा तुकडा घ्यावा, आणि कोणाचेंही मिंधेपण न पत्करतां जगावें. "काका, तुम्ही आयुष्यभर गणित आणि भूगोल शिकविलेत. एकदां जागा पाहा आणि मग काय तें सांगा," असें तो म्हणाला. गेल्या पौषांत आम्ही दोघे जैसलमेरकडे गेलों. तेथें जें पाहिलें आणि जो हिशेब मांडला, तो आपणांपुढें ठेवितों.

प्रथम त्या भूमीची चांगली बाजू सांगणें न्यायाचें होईल. थरचें वाळवंट निर्जन नाहीं; जगांतील दाट वस्तीच्या वाळवंटांत त्याची गणना होते. बाजरी तेथें अडीचतीन महिन्यांत हातीं येते. मटकी आणि गवार थोड्या ओलाव्यावर तग धरतात. आपण जिला शमी म्हणतों, ती तेथील खेजडी. तिचा पाला शेळ्याउंटांस चारा होतो, आणि तिच्या शेंगा, म्हणजे सांगरी, वाळवून वर्षभर भाजीस पुरवितात. सेवण नांवाच्या गवतावर थारपारकर गाई पोसतात. सूर्यप्रकाशाला तर तोटाच नाहीं. सौर विजेची सोय सहज होते. मात्र तोच सूर्य छळतोही. १९ मे २०१६ रोजीं फलोदी येथें पारा ५१ अंशांपर्यंत चढला होता.

आतां मुख्य प्रश्न पाण्याचा. पुष्कळ ठिकाणीं भूगर्भांतील पाणी खोल आणि खारें आहे. म्हणून विश्वास ठेवावयाचा तो पावसावर. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी होतें. जैसलमेरकडील पावसाची वार्षिक सरासरी दोनशें मिलिमीटरांच्या आसपासच आहे. आपण दीडशें धरूं, आणि त्यांतील निम्मे पाणी मुरून वा सुकून जाईल असें मानूं. म्हणजे दर चौरस मीटरमागें पंचाहत्तर लिटर हातीं लागतील. पांच माणसांना पिण्यास, रांधण्यास आणि काटकसरीनें धुण्यास दररोज शंभर लिटर लागले, तर वर्षाचे साडेछत्तीस हजार लिटर झाले. सुमारें पांचशें चौरस मीटरांचें स्वच्छ चोपलेलें अंगण आणि त्याच्या मधोमध झांकलेलें टांकें, एवढ्यावर हें काम भागतें. तेथील लोक पिढ्यान् पिढ्या असेंच करीत आले आहेत.

हें ऐकून पुतण्याचा चेहरा खुलला. मीं त्याला म्हटलें, "अरे, थांब. तुला भाजीपालाही हवा आहे ना?" एका गुंठ्यास दिवसाकाठीं केवळ पांच मिलिमीटर पाणी दिलें, तरी रोजचे पांचशें लिटर लागतात, शंभर दिवसांचे पन्नास हजार! सबंध कुटुंबाच्या वर्षाच्या पाण्यापेक्षां एका गुंठ्याची तहान मोठी. शिवाय सरासरी हा फसवा शब्द आहे. ज्या वर्षीं पन्नासच मिलिमीटर पाऊस पडेल, त्या वर्षीं तेंच अंगण एक तृतीयांश पाणीही देणार नाहीं. टांकें बांधावयाचें तें सरासरी वर्षासाठीं नव्हे, तर वाईट वर्षासाठीं. विक्रम संवत् १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० सालचा, 'छपनिया' दुष्काळ त्या मुलुखांत अजून नांवानें ओळखला जातो.

मग तेथें गहूं-हरभरा पिकतो तो कसा? त्याचें उत्तर खडीन या शेतांत आहे. खडकाळ उंचवट्यावरून वाहून येणारें पाणी सखल भागांत मातीच्या लांब बांधानें अडवितात. तें जमिनींत मुरलें कीं, त्या ओलीवर रब्बीचें पीक घेतात. वेगळें पाणी द्यावें लागत नाहीं. पण शेताच्या दहापंधरापट उंचवटा मोकळा असेल, तरच असें शेत भरतें. म्हणजे पांच एकरांचें पीक हवें, तर पन्नास-पाऊणशें एकरांवरचें पाणी बिनअडथळा खालीं आलें पाहिजे. तो उंचवटा खरेदीखतांत येत नाहीं. तो गांवाचा असतो, आणि बांध फुटला तर तो बांधण्यास गांवच धांवतो.

ही विद्या ज्यांच्या नांवानें ओळखली जाते, त्या पालीवालांचें कुलधरा हें गांव आम्हीं पाहिलें. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तें ओस पडलें. दिवाणाच्या जुलमामुळें लोक एका रात्रींत निघून गेले, असें लोककथा सांगते. अभ्यासक पाण्याच्या ओहोटीकडेही बोट दाखवितात. एक गोष्ट मात्र उघड आहे: इतके जाणते लोकही, दिवस फिरले तेव्हां, एकेकटे मागें राहिले नाहींत.

कोणी म्हणेल, आतां कालवा आहे. १९५८ सालीं काम सुरू झालेला इंदिरा गांधी कालवा पंजाबांतील हरिके येथून पाणी आणतो, आणि त्यानें मोठा मुलूख हिरवा केला, हें खरें. पण शेंकडों मैलांवरील दरवाजा उघडण्याची वाट पाहणें याला स्वावलंबन कसें म्हणावें? तो तर पुण्याचाच नळ, लांबविलेला.

परतण्याच्या आदल्या सायंकाळीं एका वृद्ध मेंढपाळाशीं आमचें बोलणें झालें. पुतण्यानें त्याला जमिनीचा भाव, मातीचा कस, पाण्याची खोली, सारें विचारलें. म्हाताऱ्यानें शांतपणें ऐकून घेतलें आणि उलट एकच प्रश्न केला: "तुमच्याबरोबर कोण येणार?" पुतण्या म्हणाला, "कोणी नाहीं. मी आणि माझें कुटुंब." म्हाताऱ्यानें मान हलविली. दुष्काळांत आम्ही गुरें घेऊन दूर जातों, तेव्हां मागें राहिलेल्यांचें घर शेजारी सांभाळतात, एवढेंच तो बोलला.

श्रोतेहो, माझा निष्कर्ष असा. मरुभूमींत संसार होतो, चांगला होतो. परंतु माणसांपासून दूर पळण्यासाठीं ती जागा नव्हे. जेथें पाऊस कमी, तेथें शेजार अधिक लागतो. जो जाऊं इच्छितो, त्यानें आधीं दोन पावसाळे तेथें भाड्यानें राहावें, टांकें प्रथम बांधावें आणि घर मागून, बागेपेक्षां शेळ्यांवर भर द्यावा, आणि जमिनीच्या आधीं गांव निवडावें. मागची जमीन मात्र विकूं नये.

पुतण्यानें अजून जमीन विकलेली नाहीं. गेल्या उन्हाळ्यांत त्यानें आमच्या जुन्या घराच्या पत्र्याला पन्हळ लावून एक टांकें बांधलें. ओटा रचावयास शेजारचे तिघे आले होते. ते न बोलावितां आले, हें त्यानें मला दोनदां सांगितलें.