नऊ जणांत भारी कोण?



मघाशी चहा घेताना शेजारच्या खोलीतून वाद ऐकू येत होता. मेकअप करून बसलेली तुमच्या कॉलेजचीच विद्यार्थी मंडळी ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वरून हातघाईवर आली होती : गँडाल्फ भारी की ॲरागॉर्न? तेव्हा लिहून आणलेलं भाषण खिशातच राहू द्या. या वादात उडी घ्यायची हौस मला तुमच्या वयापासून आहे.

टोल्किनची ही कादंबरी १९५४-५५ मध्ये तीन खंडांत आली. गोष्ट एका घातक अंगठीची : ती जिथे घडवली, त्या शत्रूच्या मुलखातल्या ज्वालामुखीतच टाकून नष्ट करायची. शत्रूचे घोडेस्वार नऊ, म्हणून इकडूनही नऊ जण निघतात. यातल्या शेवटच्या दोन जागा ही निवड करणाऱ्या एल्रॉन्डला आपल्या घरच्या माणसांना द्यायच्या होत्या. गँडाल्फने मात्र मेरी आणि पिपिन या दोन पोरसवदा, बुटक्या हॉबिटांची बाजू घेतली. एखादा मातब्बर एल्फ सरदार बरोबर घेतला तरी तो एकटा काही शत्रूचा मनोरा सर करणार नाही, त्यापेक्षा यांच्या मैत्रीवर भिस्त ठेवू, असं त्याचं म्हणणं. आपल्याकडे कॉलेजच्या संघात अशी निवड झाली असती तर ‘वशिला’ म्हणून बोंब उठली असती!

आता वाटेतला कॅराध्रासचा डोंगर घ्या. सिनेमावाल्यांनी तो उरकलाय, पुस्तकातला वाचा. वर चढण्याआधी नऊ जणांतला बोरोमिर सांगतो, प्रत्येकाने झेपेल तेवढी लाकडाची मोळी बरोबर घ्या. तो डोंगरांच्या सावलीत वाढलेला, त्याला थंडी ठाऊक. रात्री बर्फ कोसळू लागतं. अंगठी वागवणाऱ्या फ्रोडोला झोप अनावर होते, अंगावर बर्फ साचत जातं आणि बोरोमिर त्याला त्यातून उचलून काढतो. मोळ्या आहेत, पण ओल्या. एल्फ लेगोलासला जाळ करता येत नाही, ड्वार्फ गिम्लीलाही नाही. शेवटी जादूगार गँडाल्फ नाइलाजाने काठी टेकवून जाळ पेटवतो. सकाळी छातीइतक्या बर्फातून बोरोमिर आणि ॲरागॉर्न हातांनी वाट फोडतात. लेगोलास हलक्या पावलांनी बर्फावरून पळत जाऊन पुढचं बघून येतो. मग ते दोघे धिप्पाड गडी हॉबिटांना पाठुंगळी घेऊन खाली उतरवतात. सांगा, त्या रात्री भारी कोण?

पुढे हेल्म्स डीपच्या लढाईत लेगोलास आणि गिम्ली आपण मारलेले शत्रू मोजत बसतात. कादंबरीत लेगोलासचे ४१, गिम्लीचे ४२. तो हिशेब मजेचा आहे, पण त्या आकड्यांनी अंगठी काही तसूभरही पुढे सरकत नाही.

कारण या मोहिमेची गोम अशी, की अंगठी माणसाच्या बळालाच धरते. फ्रोडो ती देऊ करतो तेव्हा गँडाल्फ घाबरून नको म्हणतो. आपण ती चांगल्या कामासाठीच वापरायला जाऊ, हीच त्याची भीती. जितकं सामर्थ्य मोठं, तितका धोका मोठा. बोरोमिरला आपलं शहर वाचवायचं असतं आणि नेमका तिथेच तो अडकतो. अंगठीसाठी फ्रोडोवर झडप घालतो, भानावर येतो आणि त्याच दिवशी मेरी-पिपिनला वाचवताना बाणांनी चाळण होऊन मरतो.

आणि ‘वशिल्याचे’ ते दोघे? मेरीने मागून येऊन गुडघ्यात केलेल्या वारामुळे रणात उतरलेल्या एओविनला नाझ्गुलांच्या, म्हणजे शत्रूच्या त्या नऊ घोडेस्वारांच्या, म्होरक्याचा शेवट करता येतो. पिपिन धावत जाऊन गँडाल्फला घेऊन येतो, म्हणून फारामिर चितेवर जिवंत जळता जळता वाचतो. हा फारामिर म्हणजे बोरोमिरचा धाकटा भाऊ. टोल्किनने ही परतफेड कुठे ठासून सांगितलेली मला तरी आठवत नाही, तुम्हीच जुळवायचं.

सॅमबद्दल फार बोलत नाही, त्याला पहिला नंबर सगळेच देतात. फ्रोडोकडे माळीकाम करणारा पोरगा. मिठाची डबी आणि भांडी थेट मॉर्डॉरच्या वेशीपर्यंत वागवतो, आणि ओझं हलकं करायला शेवटी ती दरीत टाकावी लागतात तेव्हा भांड्यांच्या खणखणाटाने त्याचं काळीज तुटतं. १९१६ मध्ये सॉमच्या लढाईत टोल्किन स्वतः अधिकारी होता. अधिकाऱ्यांच्या दिमतीला असलेले साधे शिपाई त्याने तिथे पाहिले, ते आपल्यापेक्षा सरस आहेत असं त्याला वाटलं, आणि सॅम त्यांच्यावरूनच बेतला असं त्याने सांगितलंय.

पण सॅमने पाठीवर वाहून नेलेला फ्रोडो ज्वालामुखीच्या कडेवर काय म्हणतो? अंगठी माझी! तिथे नऊपैकी कुणाचंच बळ पुरत नाही. यादीत नसलेला, अंगठीच्या मागावर असलेला गोलम तिच्यासाठी फ्रोडोचं बोट तोडतो आणि तोल जाऊन तिच्यासकट आत पडतो. त्याआधी अंगठीचा पूर्वीचा धनी बिल्बो, तसेच फ्रोडो आणि सॅम या तिघांनीही त्याला मारायची संधी सोडलेली असते.

माझं मत मागाल तर दुसरा नंबर बोरोमिरचा. घसरला खरा, पण कॅराध्रासच्या त्या रात्री बाकीच्यांना मोळीचं सुचलं नव्हतं. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी मला जेवणाच्या रांगेत गाठावं. गिम्लीच्या बाजूने बोलणारं कुणी असेल तर आधी या, त्याची वकिली आजवर कुणी धड केलेली नाही.