रात्रीचे जागरण आणि सकाळची पहिली गाडी

आजचा विषय अगदी घरगुती आहे. मूल रात्रभर रडतं, आईबापांच्या डोळ्याला डोळा लागत नाही, आणि उजाडलं की त्याच तारवटलेल्या डोळ्यांनी कामाची गाडी गाठायची असते. घरोघरी हे चालतं, पण त्याबद्दल आपण फारसं बोलत नाही. ‘लेकरू म्हटलं की जाग्रण आलंच,’ असं म्हणतो आणि मोकळे होतो. मात्र त्या एका रात्रीचा हिशेब दुसऱ्या दिवशी कुणाकुणाला चुकता करावा लागतो, तो आज जरा मांडून पाहू.

आधी मूल रात्रीच का रडतं ते बघा. तान्ह्या बाळाला दिवस कोणता आणि रात्र कोणती, हे ठाऊक नसतं. चोवीस तासांत ते चौदा ते सतरा तास झोपतं खरं, पण तुकड्यातुकड्यांनी. त्याचं पोट इवलंसं, दूध लवकर जिरतं, आणि भूक लागली की ते उठतं. दोन-तीन महिन्यांचं झालं म्हणजे हळूहळू त्याच्या शरीराला रात्र ओळखू येऊ लागते. थोड्या मोठ्या मुलांचं दुखणंसुद्धा रात्रीच उचल खातं, त्यालाही कारण आहे. माणसाचं अंग पहाटे सर्वांत थंड असतं आणि संध्याकाळकडे सर्वांत गरम. म्हणून दिवसभराची कणकण दिवेलागणीला ताप होऊन चढलेली दिसते. आडवं झालं की चोंदलेलं नाक जास्तच चोंदतं, खोकल्याची उबळ येते, कानातली कळ वाढते. तेव्हा ‘दिवसभर हुंदडत होता आणि आता नाटकं करतो,’ असं म्हणू नये. ते पोर नाटक करत नाही, आणि आईचं काही चुकलं म्हणूनही रडत नाही. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी एवढं एक बोलून दाखवलं, तरी त्या माउलीला केवढा तरी धीर येईल.

आता सकाळ घ्या. एस. टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे आणि अहमदनगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर, या रस्त्यावर धावली. पुढे ही गाडी गावोगाव पोचली आणि खेड्यातल्या कितीतरी माणसांची सकाळ तिच्या वेळेला बांधली गेली. समजा, तुम्ही शिक्षिका आहात आणि तुमची शाळा तीस-चाळीस किलोमीटरांवर आहे. पोराला तीन वाजता जरा डोळा लागला, तुम्ही पाठ टेकली, तोच पाचाचा गजर झाला. चूल झाली, डबा झाला, पोराला आजीच्या स्वाधीन केलं. ते पदर सोडीना. थांब्यावर आलात, तर गाडी निघून गेलेली, नाहीतर आज आलेलीच नाही. आली तर अशी भरलेली की, पायरीवर पाय ठेवायला जागा नाही. रुमाल टाकून धरलेल्या जागेवर दुसराच कुणी बसलेला. सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी वाजतं. शाळेत पोचता तोवर परिपाठ संपलेला असतो आणि मस्टर हेडमास्तरांच्या टेबलावर गेलेलं असतं. मग वर्गात पहिलं जे पोर हलतं, त्याच्यावर सगळा राग निघतो.

पण मंडळी, त्या कंडक्टरची रात्र कशी गेली, हे आपण कधी विचारलंय का? गावात मुक्कामी गाडी येते, रात्री थांबते आणि पहाटे परत सुटते. तिच्या ड्रायव्हर-कंडक्टरांनी रात्र कुठे काढायची? कुठे ग्रामपंचायतीची खोली मिळते, कुठे देवळाचा सभामंडप, आणि काहीच नसलं तर गाडीतलीच बाकडी. वर डास आणि उकाडा, नाहीतर माघाची थंडी. म्हणजे पायरीवर जे दोघे भांडतात, ते दोघेही जागरणातूनच आलेले असतात. गावाने मुक्कामाच्या माणसांना एक स्वच्छ खोली आणि हंडाभर पाणी दिलं, तर गावाचीच सकाळ सुखाची होईल. ही गोष्ट ग्रामसभेत मांडण्यासारखी आहे.

जागरणाने माणूस चिडचिडा होतो, एवढ्यावर ते थांबत नाही. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणूस सलग सतरा तास जागा राहिला, की त्याच्या हाताचा आणि नजरेचा मेळ किती बिघडतो, ते त्यांनी मोजलं. रक्तात दर शंभर मिलिलिटरला पन्नास मिलिग्रॅम दारू असताना जेवढा बिघडतो, जवळजवळ तेवढा तो बिघडलेला निघाला. आता आपला कायदा बघा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू असली, तर गाडी चालवणं हा गुन्हा आहे. पहाटे पाचला उठलेली बाई रात्री दहालाच सतरा तासांची जागी असते. त्यावर पुन्हा पोराचं जागरण. नवऱ्याचीही तीच गत. आणि गाडी चुकली म्हणून तोच नवरा मोटारसायकलला किक मारतो, मागे बायकोला बसवतो आणि भरधाव निघतो. थेंबभर दारू न घेतलेला हा माणूस दारू प्यालेल्याइतकाच धोक्यात असतो. म्हणून सांगतो, रात्र जागून काढली असेल तर स्वतः गाडी हाकू नका. एक रजा गेली तर गेली. वाटेत डोळे मिटायला लागले तर गाडी बाजूला घ्या आणि वीस मिनिटं पडा. त्याने कुणी काही म्हटलं तर म्हणू द्या.

थकलेल्या माणसाला झटपट उपाय हवा असतो, आणि इथेच मोठा घात होतो. मुंबईच्या गिरण्या जोरात होत्या, तेव्हा भोंगा वाजला की बायांना पाळीवर जावं लागे. तान्हं मूल घरी स्वस्थ पडून राहावं म्हणून त्या त्याला ‘बाळगोळी’ चाटवत. त्या गोळीत अफू असे. १९२० नंतरच्या दशकातल्या पाहण्यांत ही गोष्ट नोंदली गेली आहे. मूल झोपे, पण दूध ओढेनासं होई, वाळत जाई, आणि मात्रा जास्त झाली तर त्याचा श्वासच थांबे. त्या आया काही निर्दय नव्हत्या. त्यांना रात्री झोप नव्हती आणि सकाळची पाळी चुकवता येत नव्हती. बाळंतपणाच्या रजेचा कायदा मुंबई प्रांतात १९२९ साली झाला. त्याच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधिमंडळात पाठिंबा दिला होता. १९६१ च्या केंद्रीय कायद्याने बारा आठवड्यांची रजा दिली आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी ती सव्वीस आठवडे झाली. परंतु शेतावर मजुरीला जाणाऱ्या बाईला यातलं काय मिळतं?

बाळगोळी गेली, पण तिची बहीण अजून घरात आहे. रात्री खोकला थांबेना की कपाटातली जुनी बाटली काढायची आणि झाकणभर पाजायचं. २०२५ साली मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या भेसळयुक्त औषधाने लहान मुलं दगावली. त्यानंतर केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने बजावलं आहे, की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची ही औषधं देऊ नयेत. ‘मूल झोपतं’ म्हणून कुठलंच औषध देऊ नका. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधही चाटवू नका.

आणि काही रात्री अशा असतात, की सकाळची वाट पाहायचीच नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला, मूल अंगावर पीत नाही, श्वास घेताना छाती आत ओढली जाते, झटका आला, किंवा हाक मारली तरी ते डोळे उघडत नाही, तर तेव्हाच्या तेव्हा १०८ क्रमांकाला फोन लावा किंवा दवाखाना गाठा.

मग साध्या रात्रीसाठी करायचं तरी काय? माझं सांगणं एवढंच, की रात्र वाटून घ्या. शेताला पाणी देताना आपण पाळ्या लावतोच ना? तशीच रात्रीचीही पाळी लावा. झोपेपासून दीडपर्यंत एकाने उठायचं, दीडपासून उजाडेपर्यंत दुसऱ्याने. दर तासाला मोडलेल्या आठ तासांच्या झोपेपेक्षा चार-पाच तासांची सलग झोप अंगाला अधिक लागते. कुणी बाप्या म्हणेल, ‘अहो, दूध काय मी पाजणार?’ नका पाजू. पण ढेकर काढणं, दुपटं बदलणं, खांद्यावर घेऊन अंगणात फिरवणं, ताप आला तर अंग पुसून काढणं, ही सगळी कामं बापाचे हात करू शकतात. ‘मला सकाळी कामावर जायचंय,’ हे कारण सांगू नका. तिलाही कामावरच जायचं असतं, मग ते शाळेत असो, खुरपणीला असो, की घरातल्या घरात.

शिक्षक बंधु-भगिनींनो, शेवटची गोष्ट खास तुमच्यासाठी आहे. पहिल्या तासाला एखादी मुलगी पेंगते, रोज उशिरा येते. तिला उभं करण्याआधी एकदा जवळ बोलावून विचारा, ‘बाळ, रात्री झोपलीस का?’ आई दमून पडते तेव्हा रडणारं धाकटं भावंडं पुष्कळ घरांत थोरल्या बहिणीच्या मांडीवर येतं. ऊसतोडीच्या फडावर आईबाप अंधारात कोयता घेऊन निघतात, आणि कोपीवर तान्ह्याला सांभाळायला आठ-दहा वर्षांची पोर राहते. या वयाच्या मुलांना नऊ ते बारा तासांची झोप लागते. तिला सहाच मिळाली असेल, तर ती पेंगणारच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलाला मारायला आणि त्याचा मानसिक छळ करायला मनाई केली आहे, हे आपण जाणताच. पण कायदा नसता, तरी अशा मुलीवर छडी उगारावीशी वाटली असती का?

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे त्या कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत गेल्या. मोठी मुलं शाळेत का येत नाहीत, हे त्यांनी पाहिलं. धाकट्या भावंडांना सांभाळायला ती घरी राहत होती. तेव्हा त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून ‘विकासवाडी’ उभी केली. धाकट्याला कडेवर घेऊन या, म्हणाल्या. तो पाळण्यात झोपेल, तू वर्गात बस. मुलं आली. मुलीला गैरहजर ठरवून नाव कमी करणं सोपं होतं. या बायांनी तिच्या कडेवरचं ओझं पाहिलं आणि त्यासाठी शाळेत जागा केली.

आपल्याला विकासवाडी काढता येणार नाही. पण शाळेची आणि अंगणवाडीची वेळ जुळवून घेता येते का, हे सेविकाताईंशी बोलून पाहता येईल. पेंगणाऱ्या मुलीला मागच्या बाकावर अर्धा तास डोकं टेकू देता येईल. आणि एखाद्या बाई रात्र जागून आल्या असतील, तर मुख्याध्यापकांनी त्यांचा पहिला तास दुसऱ्याला देऊन त्यांच्यापुढे कपभर चहा ठेवायला कुठल्या परिपत्रकाची गरज नाही.

आज रात्री तुमच्या घरी पाळणा हलत असेल, तर पहिली पाळी कुणाची, हे जेवतानाच ठरवून टाका. आणि उद्या सकाळी गाडीत कुणी डुलकी घेता घेता तुमच्या खांद्यावर डोकं टेकलं, तर खांदा लगेच काढून घेऊ नका. कुणास ठाऊक, त्याच्याही घरी मूल आजारी असेल.